एक्सएमएल तपासताना चुकीची जागा नेमकी कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॅलिडेटर (फाइल ठरलेल्या नियमांत बसते का ते तपासणारं साधन) म्हणतो ‘ओळ ४’, आणि ओळ ४ वर नजरेला काहीच खटकत नाही. एक्सएमएल स्कीमा, डीटीडी किंवा रिलॅक्स एनजीने (एक्सएमएलच्या रचनेचे नियम लिहिण्याच्या या भाषा) फायली तपासणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. खालचे प्रश्न वारंवार येतात. बऱ्याच उत्तरांत हाच छोटा नमुना वापरला आहे. डावीकडचे आकडे ओळींचे आहेत, ते फाइलचा भाग नाहीत. एक्सएमएलमध्ये टॅगची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे नमुना तसाच ठेवला आहे.

१ <मागणी>
२   <ग्राहक>
३     <नाव>अबक</नाव>
४   </ग्राहक>
५   <वस्तू
६       प्रकार="पुस्तक"
७       भाषा="मराठी">
८     <किंमत>दोनशे</किंमत>
९   </वस्तू>
१० </मागणी>

स्कीमा असा धरा: ‘ग्राहक’मध्ये ‘नाव’नंतर ‘पत्ता’ हवाच, ‘वस्तू’ला ‘संकेत’ हा अ‍ॅट्रिब्यूट सक्तीचा आहे आणि ‘किंमत’ दशांश संख्या हवी. म्हणजे चुका तीन.

सांगितलेल्या ओळीवर चूक दिसत का नाही?

कारण तो आकडा चूक कुठे झाली याचा नसतो. चूक झाल्याची खात्री पटली त्या क्षणी पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम) फाइलमध्ये कुठवर पोचला होता, त्याचा तो आकडा असतो. या दोन जागा कधी एकच असतात, कधी त्यांच्यात हजारो ओळींचं अंतर पडतं.

नमुन्यातली पहिली चूक घ्या. ‘पत्ता’ राहून गेला आहे. ओळ ३ संपली तेव्हा पार्सरला तक्रार करता येत नाही, कारण पुढच्याच ओळीवर ‘पत्ता’ येऊ शकला असता. ‘ग्राहक’चा शेवटचा टॅग दिसला की मगच खात्री होते, म्हणून झर्सीस (जावातला पार्सर) ही चूक ओळ ४ वर दाखवतो. दुसरी चूक सुरुवातीच्या टॅगमधली आहे. तो टॅग ओळ ५ वर सुरू होतो, पण अ‍ॅट्रिब्यूट सगळे वाचून होईपर्यंत ‘संकेत’ नाही असं म्हणता येत नाही. टॅग बंद करणारा कोन ओळ ७ वर आहे, तेव्हा तक्रारही ओळ ७ ची. ‘किंमत’चं मूल्य तिच्या शेवटच्या टॅगपर्यंत पूर्ण होत नाही. इथे सगळं एकाच ओळीत आहे म्हणून ओळ ८ बरोबर वाटते. मजकूर पाच ओळींत पसरला असता तर आकडा पाचव्या ओळीचा आला असता.

सॅक्सच्या (फाइल वाचत जाताना टॅग, मजकूर अशा प्रत्येक ‘घटने’ची खबर देण्याची पद्धत) लोकेटर या, जागा सांगणाऱ्या इंटरफेसच्या दस्तऐवजातही हेच आहे: मिळणारी जागा घटनेचा मजकूर जिथे संपतो त्यानंतरच्या पहिल्या अक्षराची असते, आणि तीही अंदाजे, निदानासाठी. ती वापरून फाइल आपोआप दुरुस्त करायला जाऊ नका.

मग वर शोधायचं की खाली?

बहुतेक वेळा वर. किती वर, ते चुकीच्या प्रकारावर ठरतं.

अनपेक्षित एलिमेंट सापडला असेल (झर्सीसचा संकेत सीव्हीसी-कॉम्प्लेक्स-टाइप.२.४.ए) तर जागा त्या एलिमेंटच्या सुरुवातीच्या टॅगची असते आणि सहसा उपयोगी पडते. मात्र खरी चूक त्याच्या आधी काहीतरी गाळल्याची असू शकते. संदेशात ‘यांपैकी एक अपेक्षित’ म्हणून येणारी यादी आधी वाचा. ‘अमुक सापडला’ यापेक्षा ती यादी जास्त बोलते.

मजकूर अपुरा असेल (२.४.बी) तर जागा पालकाच्या शेवटच्या टॅगची मिळते. काय राहिलं ते पालकाच्या आत पाहा.

आयडीआरईएफ (दुसऱ्या एलिमेंटच्या आयडीकडे बोट दाखवणारं मूल्य) कुठल्याच आयडीशी जुळत नसेल तर ते दस्तऐवज संपल्यावरच कळतं, कारण तो आयडी शेवटच्या ओळीवरही असू शकला असता. म्हणून झर्सीस ही चूक फाइलच्या शेवटी दाखवतो आणि तो आकडा शोधाच्या कामाचा नसतो. संदेशात जे मूल्य छापलेलं असतं ते फाइलमध्ये शोधा. स्कीमातल्या की-रेफचंही (मूल्य एखाद्या ‘किल्ली’शी जुळलंच पाहिजे ही अट) असंच, फक्त तिथे जागा ज्या एलिमेंटवर ती अट घातली आहे त्याच्या शेवटाची असते. किल्ली दोनदा आली असेल तर दुसऱ्या वेळची जागा मिळते. पहिली कुठे होती ते संदेश सांगत नाही.

एक्सएसडी (म्हणजे एक्सएमएल स्कीमा) १.१ मधले असर्ट, म्हणजे एलिमेंटवर घातलेल्या अटी, एलिमेंटचा पूर्ण आशय हाती आल्यावर तपासले जातात. दहा हजार ओळींच्या एलिमेंटवर असर्ट लावला आणि तो मोडला, तर चूक दहा हजार ओळी खाली दिसेल.

‘टॅग जुळत नाही’ हा संदेश फाइलच्या तळाशी का येतो?

इथे चूक स्कीमाची नाही, फाइल वेल-फॉर्म्डच नाही, म्हणजे एक्सएमएलचे मूळ नियमच पाळत नाही. मध्येच एखादा ‘</वस्तू>’ राहिला तर पार्सर पुढचं सगळं त्या न मिटलेल्या ‘वस्तू’च्या पोटात आहे असं समजून चालतो. वरच्या पातळीचा शेवटचा टॅग आला की मगच जोडी जुळत नाही हे कळतं. लिबएक्सएमएल२ (सी भाषेतला पार्सर) या बाबतीत माणसांचा विचार करतो: न जुळलेला सुरुवातीचा टॅग कोणत्या ओळीवर होता तेही संदेशातच सांगतो. झर्सीस फक्त एलिमेंटचं नाव सांगतो. एक्सपॅट हा आणखी एक पार्सर तर ‘मिसमॅच्ड टॅग’ एवढ्यावरच थांबतो. त्यामुळे अशी चूक आली की दुसरं काही करण्याआधी फाइल एकदा लिबएक्सएमएल२ च्या एक्सएमएललिंट या साधनातून ‘नोआउट’ पर्यायासह फिरवा.

याच कुळातल्या दोन चुका वारंवार भेटतात. अ‍ॅट्रिब्यूटचं बंद अवतरणचिन्ह राहिलं की तक्रार अवतरणचिन्हाबद्दल येतच नाही, ‘अ‍ॅट्रिब्यूटच्या मूल्यात लघुकोन (<) चालत नाही’ अशी येते आणि ती पुढच्या टॅगच्या जागी येते. कमेंट बंद करायची राहिली तर पुढच्या कमेंटमधल्या दोन सलग डॅशांवर गाडी अडते. पुढे कमेंटच नसेल तर थेट फाइलच्या शेवटी.

‘ओळ १, कॉलम १: प्रोलॉगमध्ये मजकूर चालत नाही’ म्हणजे काय?

पहिल्या टॅगच्या आधी काहीतरी आहे, किंवा पार्सरला मिळालेली गोष्ट एक्सएमएल नाहीच. तपासा: सर्व्हरने चुकीचं पान किंवा जेसन पाठवलं आहे का, फाइलच्या मजकुराऐवजी फाइलचं नावच पार्सरला मजकूर म्हणून दिलं गेलं आहे का. ही दुसरी चूक जावामध्ये फार होते. तरीही सापडलं नाही तर बीओएम (फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंग दाखवणारी अदृश्य खूण) पाहा. बाइट वाचणारा पार्सर तो ओळखून बाजूला ठेवतो, पण फाइल आधी स्ट्रिंगमध्ये वाचून मग दिली तर तो पहिलं अक्षर म्हणून पुढे येतो. हेक्स दाखवणाऱ्या साधनात पहिले तीन बाइट ईएफ, बीबी, बीएफ दिसले की उलगडा होतो.

एकाच चुकीसाठी दोन साधनं वेगळ्या ओळी का देतात?

दोन्ही खरं बोलत असतात, फक्त ‘जागा’ या शब्दाचा अर्थ वेगळा धरतात. ‘पत्ता’ नसल्याची चूक झर्सीस ओळ ४ वर दाखवेल, कारण तो वाचत वाचत तपासतो. लिबएक्सएमएल२ आधी झाड (एलिमेंटांची पालक-मूल अशी मांडणी, त्यातला प्रत्येक घटक म्हणजे नोड) बांधतो, मग तपासतो, आणि चूक ‘ग्राहक’ या नोडच्या नावावर टाकतो, म्हणून ओळ २. डॉटनेटचा वाचक शेवटच्या टॅगवर असताना तक्रार करतो, म्हणजे पुन्हा ओळ ४.

कॉलमचं तर विचारूच नका. झर्सीस टॅग संपल्यानंतरचा कॉलम देतो, डॉटनेट टॅगच्या नावाचं पहिलं अक्षर देतो (लघुकोनाच्या पुढचं), एक्सपॅट घटनेची सुरुवात देतो आणि कॉलम ० पासून मोजतो. लिबएक्सएमएल२ च्या झाडावर स्कीमा तपासला तर कॉलम ० येतो, कारण नोडमध्ये कॉलम साठवलेलाच नसतो. म्हणून दोन साधनांचे अहवाल ओळ-कॉलमवर जुळवण्याचा नाद सोडा. जुळवायचेच असतील तर एक्सपाथवर (मुळापासून एलिमेंटपर्यंतचा पत्ता) जुळवा.

कॉलमचा आकडा एडिटरशी का जुळत नाही?

‘एक अक्षर’ कशाला म्हणायचं यावर एकमत नाही. जावा आणि डॉटनेटवरचे पार्सर यूटीएफ-१६ चे एकक मोजतात, एक्सपॅट युनिकोडचे कोडपॉइंट मोजतो, एडिटर बहुधा डोळ्यांना दिसणारं अक्षर मोजतो. मराठी मजकुरात हा फरक लगेच जाणवतो. ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर आहे, पण ते क, हलंत, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे ४ कोडपॉइंट आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट. इमोजी बहुधा एक कोडपॉइंट असतो, पण यूटीएफ-१६ मध्ये दोन एककं घेतो. एका लांब ओळीत असे वीस-पंचवीस शब्द आले की आकडा आणि एडिटरचा कर्सर यांचं काही नातं उरत नाही.

टॅबचंही लक्षात ठेवा. पार्सरसाठी तो एक कॉलम, एडिटरमध्ये चार किंवा आठ.

ओळींचेच आकडे सरकलेत. असं कधी होतं?

ओळ कुठे संपते यावरून. एक्सएमएल १.० मध्ये सीआर-एलएफ जोडी, एकटा एलएफ आणि एकटा सीआर हे तिन्ही एकच ओळशेवट मानले जातात. एकट्या सीआरवर ओळ संपवणाऱ्या जुन्या फायलींत पार्सर शंभर ओळी मोजतो आणि ग्रेप, सेडसारखी साधनं एकच. उलट यू+२०२८ हे चिन्ह एक्सएमएल १.० मध्ये ओळशेवट नाही (१.१ मध्ये आहे), पण काही एडिटर तिथे ओळ मोडतात. कॉपी-पेस्ट केलेल्या मजकुरातून ते चिन्ह गुपचूप येतं.

दुसरं आणि जास्त नेहमीचं कारण: तपासली ती फाइल आणि तुम्ही उघडली ती फाइल वेगळी आहे. मध्ये टेम्प्लेट, एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा) किंवा दोन फायली जोडणारी स्क्रिप्ट असेल तर आकडे त्या मधल्या मजकुराचे असतात. तपासणीला जे बाइट दिले तेच डिस्कवर जपून ठेवा आणि अहवालात त्या फाइलचं नाव छापा.

ओळ क्रमांक -१ किंवा ० का येतो?

‘माहिती नाही’ असा त्याचा अर्थ. सॅक्समध्ये -१, डॉटनेटमध्ये ०. तपासायच्या जागा चार.

डॉमचं (मेमरीत बांधलेलं) झाड तपासत असाल तर तिथे ओळी उरलेल्याच नसतात. मजकूर वाचून झाड बांधलं की जावाचा प्रमाणित डॉम जागा विसरतो. शक्य असेल तर डॉम-सोर्सऐवजी मूळ फाइलचा स्ट्रीम-सोर्स तपासणीला द्या. नव्याण्णव टक्के नाही, पण बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

मध्ये स्वतःचा सॅक्स फिल्टर बसवला असेल तर त्याने सेट-डॉक्युमेंट-लोकेटर हा कॉल पुढे पाठवला पाहिजे. तो गिळला की पुढच्या व्हॅलिडेटर-हँडलरला सगळीकडे -१ दिसतं. कोडातून हाताने घटना निर्माण करत असाल तर लोकेटरही तुम्हालाच द्यावा लागेल.

डॉटनेटमध्ये एक्स-डॉक्युमेंट वाचताना लोड-ऑप्शन्समधला सेट-लाइन-इन्फो हा पर्याय दिला नाही तर ओळी साठवल्याच जात नाहीत.

आणि पायथनच्या मूळ एलिमेंट-ट्रीमध्ये एलिमेंटला ओळच नसते. पार्सच्या चुकीसोबत ओळ आणि कॉलम मिळतात, तेवढेच. एलिमेंटागणिक ओळ हवी तर एलएक्सएमएल घ्या, त्यात सोर्सलाइन नावाचा गुणधर्म आहे.

लोकेटर साठवून ठेवला आणि नंतर वाचला तर सगळ्या चुकांना एकच ओळ दिसते. का?

लोकेटर ही एकच वस्तू असते आणि पार्सर पुढे सरकला की तिच्यातले आकडे बदलतात. ती फक्त कॉलबॅक चालू असताना वाचायची. जपायची असेल तर आकडे लगेच उतरवून घ्या, किंवा लोकेटर-इम्प्ल या वर्गाने प्रत काढा.

डॉमच वापरावा लागतोय. काहीच मार्ग नाही का?

दोन आहेत. पहिला: झाड स्वतः बांधा. सॅक्सने वाचत डॉमचे नोड तयार करा आणि प्रत्येक एलिमेंटवर सेट-युझर-डेटा वापरून ओळ-कॉलम चिकटवा. ही सोय डॉम लेव्हल ३ मध्ये आली. साठ-सत्तर ओळींचं काम आहे, मेमरी थोडी जास्त लागते.

दुसरा: झर्सीसमध्ये ‘करंट-एलिमेंट-नोड’ नावाची प्रॉपर्टी आहे. चूक येते त्या क्षणी, एरर-हँडलरच्या आतच, ती व्हॅलिडेटरला विचारली की सध्याचा एलिमेंट मिळतो. तिथून पालकांची साखळी चढत जाऊन एक्सपाथ तयार होतो. ओळ मिळत नाही, पण नोडच हातात असल्यावर ओळीवाचून फारसं अडत नाही.

फाइलचं नाव नल येतं, किंवा भलत्याच फाइलचं येतं.

पार्सरला नुसता इनपुट-स्ट्रीम दिला तर त्याला नाव कुठून कळणार? स्ट्रीमसोबत सिस्टम-आयडीही द्या. त्याचा दुसरा फायदा असा की सापेक्ष पत्ते दिलेले डीटीडी आणि एंटिटी (नावाने दस्तऐवजात ओढलेला मजकूर) नीट सापडतात.

भलतंच नाव येत असेल तर ते बहुधा खरं असतं. दस्तऐवज अनेक फायलींतून बनलेला असू शकतो. बाहेरच्या एंटिटीत किंवा एक्सइन्क्लूडने ओढलेल्या फाइलमध्ये चूक असेल तर झर्सीस त्या फाइलचं नाव आणि तिथलाच ओळ क्रमांक देतो. नाव न पाहता मुख्य फाइलची ओळ ३७ उघडणारे तासभर भिंतीवर डोकं आपटतात. अंतर्गत एंटिटीच्या आत चूक असेल तर मात्र जागा तिचा संदर्भ जिथे आला तिथली मिळते, व्याख्येची नाही. आणि कधी कधी चूक एक्सएसडीतच असते. स्कीमा लोड होतानाच्या तक्रारीत एक्सएसडीचं नाव येतं.

पहिल्याच चुकीवर तपासणी थांबते. सगळ्या चुका एकदम कशा मिळवायच्या?

एरर-हँडलर लावा आणि त्यात ‘एरर’ आल्यावर अपवाद न फेकता यादीत भर घाला. जावाच्या व्हॅलिडेटरला हँडलर दिला नाही तर तो पहिल्या चुकीवर अपवाद फेकतो. डॉटनेटमध्येही व्हॅलिडेशन-इव्हेंट-हँडलर नसला तर हीच गत. जावाच्या डॉक्युमेंट-बिल्डरचा मूळ हँडलर पहिल्या १० चुका स्टँडर्ड एररवर छापतो आणि गप्प होतो. लॉगमध्ये बरोबर दहाच चुका दिसल्या तर शंका घ्या.

‘फेटल एरर’ ही वेगळी गोष्ट. फाइल वेल-फॉर्म्ड नाही, पुढची रचनाच कळत नाही, तिथे थांबणंच योग्य. फेटलनंतरही चालू राहण्याचं फीचर झर्सीसमध्ये आहे, पण त्यानंतरच्या चुकांवर विसंबू नका.

सगळ्या चुका गोळा केल्या, दुरुस्त केल्या, पुन्हा तपासलं तर नव्या चुका उगवल्या!

त्या आधीपासूनच होत्या. झर्सीस एका पालकाच्या आत मुलांच्या क्रमाबद्दलची पहिली चूकच सांगतो. क्रम एकदा बिघडला की पुढच्या भावंडांकडून काय अपेक्षित आहे हे ठरवायला आधार उरत नाही, आणि प्रत्येकाबद्दल ओरडत बसलं तर एका गाळलेल्या एलिमेंटपायी दोनशे खोट्या तक्रारी येतील. हे धोरण शहाणपणाचं आहे. दुरुस्त करा, पुन्हा चालवा, स्वच्छ निकाल येईपर्यंत. ‘एकूण चुका ३’ असा आकडा ग्राहकाला सांगताना मात्र जपून, तो किमान आकडा असतो.

एका चुकीचे दोन संदेश का?

‘दोनशे’ या मूल्यासाठी झर्सीस एक संदेश देतो की हे दशांश प्रकारात बसत नाही (सीव्हीसी-डेटाटाइप-व्हॅलिड.१.२.१), आणि दुसरा की म्हणून ‘किंमत’ या एलिमेंटचं मूल्य अवैध (सीव्हीसी-टाइप.३.१.३). पहिल्यात प्रकार कळतो, दुसऱ्यात एलिमेंटचं नाव. दोन्हींची ओळ आणि कॉलम सारखेच असतात. तेवढ्यावरून ते एकत्र दाखवता येतात, एक फेकून देऊ नका.

जाता जाता: त्या जागी कोणी देवनागरी अंकांत २०० लिहिलं तरी ते दशांश प्रकारात नापासच होतं, तिथे फक्त आस्की अंक चालतात. पण एक्सएसडीच्या पॅटर्नमधला ‘बॅकस्लॅश-डी’ युनिकोडमधले सगळे दशमान अंक स्वीकारतो. स्ट्रिंगवर तसा पॅटर्न लावला असेल तर देवनागरी अंक बिनबोभाट आत जातात आणि पुढच्या प्रणालीत फुटतात, जिथे ओळ सांगणारं कोणी नसतं.

सगळी फाइल एकाच ओळीत आहे.

मग ओळ नेहमी १ आणि कॉलम लाखांत. एक्सएमएललिंटच्या ‘फॉरमॅट’ पर्यायाने ओळी पाडून प्रत काढा आणि ती प्रत तपासा. मूळ फाइलला हात लावू नका, कारण मोकळ्या जागा वाढल्याने मिश्र मजकुराचा अर्थ आणि डिजिटल सही दोन्ही बिघडू शकतात. नव्या प्रतीतली ओळ मूळ फाइल पाठवणाऱ्याला सांगून उपयोग नाही. त्याला एक्सपाथ सांगा, तो दोन्हीकडे तोच राहतो.

६५५३५ नंतर ओळ क्रमांक पुढेच जात नाही.

लिबएक्सएमएल२ नोडची ओळ १६ बिटांत साठवतो, म्हणून ६५५३५ वर आकडा अडकतो. पार्स करताना ‘बिग-लाइन्स’ हा पर्याय द्या. मोठ्या फाइलमध्ये नेमकी ६५५३५ हीच ओळ दिसली की ती चुकीची जागा नव्हे, भिंत आहे असं समजा.

एन्कोडिंगच्या चुकीची ओळ कधीच बरोबर नसते. का?

बाइटांचं अक्षरांत रूपांतर गठ्ठ्याने, पार्सरच्या पुढे जाऊन होतं. ‘तीन बाइटांच्या क्रमातला दुसरा बाइट अवैध’ ही तक्रार येते तेव्हा पार्सर त्या गठ्ठ्याच्या सुरुवातीला घोटाळत असतो. अशा वेळी एक्सएमएलची साधनं बाजूला ठेवा. आयकॉनव्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या साधनाला यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच रूपांतर करायला लावा. जीएनयू/लिनक्सवरचा आयकॉनव्ह अवैध क्रमाचं स्थान सांगून थांबतो. एक्सएमएललिंटही दोषी बाइट हेक्समध्ये छापतो, त्यावरून मूळ एन्कोडिंग ओळखायला मदत होते.

एक्सपाथ अहवालात कसा आणायचा?

वाचत वाचत उघड्या एलिमेंटांची चळत ठेवा आणि प्रत्येक पातळीवर त्या नावाचं कितवं मूल ते मोजा. नमुन्यातल्या किमतीचा पाथ होईल: /मागणी[१]/वस्तू[१]/किंमत[१] (प्रत्यक्षात आकडे आस्की हवेत).

अडखळायला होतं ते क्रमावर. चळत सांभाळणारा हँडलर लोक व्हॅलिडेटर-हँडलरच्या मागे बसवतात. पण व्हॅलिडेटर आधी तपासतो, चूक सांगतो आणि मग घटना पुढे पाठवतो. परिणामी चूक येते तेव्हा चळत एक पायरी मागे असते आणि पाथ पालकाचा निघतो. चळत सांभाळणारा फिल्टर व्हॅलिडेटरच्या आधी, पार्सरच्या बाजूला बसवा: सुरुवातीच्या टॅगला आधी चळतीत टाका मग पुढे पाठवा, शेवटच्या टॅगला आधी पुढे पाठवा मग चळतीतून काढा.

नेमस्पेस (टॅगच्या नावांचे वेगळे गट, टॅगमध्ये प्रीफिक्सने दाखवलेले) असतील तर नुसता प्रीफिक्स छापू नका. वाचणाऱ्याकडे तो प्रीफिक्स कशाशी बांधला आहे हे ठाऊक नसतं. एकतर पूर्ण यूआरआय द्या, नाहीतर प्रीफिक्सांची यादी अहवालाच्या डोक्यावर एकदा छापा.

स्कीमाट्रॉन ओळ का देत नाही?

स्कीमाट्रॉन या एक्सपाथने नियम लिहिण्याच्या भाषेतले नियम सहसा एक्सएसएलटीत उतरवून चालवले जातात, म्हणजे ते झाडावर काम करतात. त्याच्या एसव्हीआरएल अहवालात प्रत्येक फेल्ड-असर्टवर ‘लोकेशन’ असतं आणि त्यात एक्सपाथ असतो. ओळ हवी तर तोच पाथ ओळी जपलेल्या झाडावर चालवा. सॅक्सन (एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर ‘एल-ऑन’ पर्यायाने ओळी जपल्या जातात आणि त्याच्या लाइन-नंबर या विस्तार-फंक्शनने त्या वाचता येतात.

चांगल्या अहवालात काय असावं?

फाइल, ओळ, कॉलम, एक्सपाथ, चुकीचा संकेत, संदेश आणि आजूबाजूच्या दोन-तीन ओळी. पहिली तीन ‘फाइल:ओळ:कॉलम: संदेश’ या घडणीत छापली तर बहुतेक एडिटर आणि बिल्ड साधनं त्यावर क्लिक करून जागेवर नेतात. जिंग (रिलॅक्स एनजीचा व्हॅलिडेटर) आधीपासूनच असं छापतो. संकेत वेगळा छापायचा कारण संदेशाची भाषा संगणकाच्या लोकेलप्रमाणे बदलते. संदेशाच्या वाक्यावर बेतलेल्या चाचण्या दुसऱ्या यंत्रावर मोडतात.

ओळीखाली बाणाची खूण छापायची हौस असेल तर टॅबच्या जागी टॅबच ठेवा. देवनागरी मजकुरात मात्र खाली खूण करू नका, जोडाक्षरांमुळे ती भलत्याच अक्षराखाली पडते. त्याऐवजी मजकुरातच त्या जागी ठळक चिन्ह घाला.

एडिटरसाठी प्लगइन लिहितोय, लाल रेघ एक ओळ खाली पडते.

लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये (एडिटर आणि भाषा तपासणारं साधन यांच्यातल्या संवादाचे नियम) ओळ आणि स्थान दोन्ही ० पासून मोजतात, सॅक्स १ पासून. दोन्हींतून १ वजा करा, पण -१ आलेला असेल तर आधी तो वेगळा काढा, नाहीतर -२ जाईल. स्थान मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत असतं. आवृत्ती ३.१७ पासून दुसरं एन्कोडिंग ठरवून घेता येतं. रेघ कुठून कुठवर ओढायची हा प्रश्न उरतोच, कारण पार्सर फक्त शेवट सांगतो. त्या जागेपासून मागे जात लघुकोन शोधू नका, कमेंट आणि सीडेटामध्ये फसाल. चळतीत प्रत्येक टॅगची सुरुवातही नोंदवा: आधीची घटना जिथे संपली तीच पुढच्या टॅगची सुरुवात. मात्र त्यासाठी मजकूर, कमेंट आणि प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन या घटनाही ऐकाव्या लागतील. नुसते टॅग ऐकले तर सुरुवात मोकळ्या जागेत पडते आणि रेघ आधीच्या ओळीच्या टोकापासून ओढली जाते.